न्यायासनावरून मंत्रिमंडळात: छागलांचा प्रवास आणि वकिलाची परतीची वाट

निवृत्त शिरस्तेदार (धागाकर्ता)

मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या इमारतीत, १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला त्या दालनाबाहेर, टिळकांचेच शब्द कोरलेली एक पाटी आहे. जूरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे, माणसांचे आणि राष्ट्रांचे भवितव्य ठरवणाऱ्या शक्ती याहून वरच्या आहेत, अशा आशयाचे ते शब्द. माझी उभी नोकरी न्यायालयाच्या कारकुनीत गेली आणि कामानिमित्त त्या दालनावरून असंख्य वेळा जाणे झाले. परंतु त्या पाटीचे अनावरण कोणी केले हा प्रश्न मला सुचला तो सेवानिवृत्तीनंतर. १९५६ साली, म्हणजे टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ते केले याच न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांनी. ज्या न्यायासनाने शिक्षा सुनावली त्याच्या प्रमुखाने येऊन त्या शिक्षेबद्दल जाहीर प्रायश्चित्त घ्यावे, असा प्रसंग आपल्या न्यायव्यवस्थेच्या इतिहासात वारंवार आलेला नाही.

त्या निमित्ताने छागलांच्या कारकिर्दीविषयी जे वाचले ते येथे मांडतो आणि एक प्रश्न सदस्यांपुढे ठेवतो.

छागला १९०० साली मुंबईत एका खोजा व्यापारी कुटुंबात जन्मले. सेंट झेवियर्समध्ये शिकले, पुढे ऑक्सफर्डला इतिहास शिकून बॅरिस्टर झाले आणि १९२२ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. बॅरिस्टर जिनांच्या चेंबरमध्ये त्यांनी काही वर्षे उमेदवारी केली. नव्या बॅरिस्टरची पहिली वर्षे ब्रीफची, म्हणजे खटल्याच्या कामाची, वाट पाहण्यात जातात आणि छागलांचीही तशीच गेली. मात्र त्या चेंबरमध्ये वकिली आणि राजकारण यांच्यामध्ये भिंत नव्हती. गुरू मुस्लिम लीगचे पुढारी होते आणि शिष्य लीगच्या कामात होता. १९२८ साली नेहरू अहवालाच्या, म्हणजे मोतीलाल नेहरू समितीने मांडलेल्या भावी राज्यघटनेच्या आराखड्याच्या, प्रश्नावर दोघांत फूट पडली. जिना विलायतेत असताना छागलांनी अहवालाला अनुकूल भूमिका घेतली होती आणि परत आल्यावर जिनांना ती रुचली नाही. पुढे दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. त्याच सुमारास छागला शासकीय विधी महाविद्यालयात शिकवत होते, आणि तेथे त्यांचे एक सहकारी प्राध्यापक होते डॉ. आंबेडकर. एकाच प्राध्यापक-खोलीत पुढचे मुख्य न्यायाधीश आणि पुढचे कायदेमंत्री बसत असत, याची कल्पना त्या वर्गातल्या मुलांना अर्थातच नसणार.

१९४१ साली ते न्यायाधीश झाले. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात मांडणाऱ्या, विजयालक्ष्मी पंडितांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळात ते होते. १५ ऑगस्ट १९४७ पासून ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९५८ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. मधल्या काळात, १९५६ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, ते मुंबईचे हंगामी राज्यपालही होते. त्यामुळे १ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव चव्हाण द्विभाषिक राज्याचे मुख्यमंत्री झाले तेव्हा राजभवनात राज्यपाल म्हणून एक न्यायाधीश होता. १९५८ साली त्यांनी न्यायासन सोडले. त्यानंतर ते अमेरिकेत राजदूत, १९६२ पासून इंग्लंडमध्ये उच्चायुक्त, नोव्हेंबर १९६३ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. सप्टेंबर १९६७ मध्ये, विद्यापीठांत इंग्रजीऐवजी प्रादेशिक भाषा घाईने आणण्याच्या सरकारी धोरणाशी मतभेद झाल्यामुळे, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि पुन्हा काळा कोट चढवला. १९८१ साली त्यांचे निधन झाले.

माझे मत असे आहे, आणि ते चुकीचे ठरल्यास मला वाईट वाटणार नाही, की वकील सरकारात उपयोगी पडतो तो त्याच्या कायद्याच्या ज्ञानामुळे कमी आणि त्याच्याजवळ परतीची वाट असते म्हणून अधिक. पूर्णवेळ राजकारण्याला पद गेले की बंगला जातो, गाडी जाते आणि माणसेही जातात. वकिलाला पद गेले की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, उरते. सप्टेंबर १९६७ मधील राजीनाम्यामागे तत्त्व होतेच, पण ते तत्त्व पाळणे त्यांना परवडले याचे कारण सहासष्टाव्या वर्षीही त्यांच्याकडे अशील येणार होते. आंबेडकरांनी १९५१ साली हिंदू संहितेच्या प्रश्नावरून कायदेमंत्रिपद सोडले, तेव्हाही मंत्रिपद हा त्यांच्या जगण्याचा एकमेव आधार नव्हता. सदस्यांना हे पटते का?

नीरक्षीर

शिरस्तेदार, धागा उत्तम आहे, परंतु आपण छागलांच्या कारकिर्दीतील सर्वांत अडचणीचा सांधा एका वाक्यात ओलांडून गेलात. "१९५८ साली त्यांनी न्यायासन सोडले" एवढेच म्हणून तेथे थांबता येणार नाही.

१९५५ साली स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग नेमला गेला. मोतीलाल सेटलवाड त्याचे अध्यक्ष होते आणि छागला त्याचे सदस्य होते. या आयोगाचा चौदावा अहवाल १९५८ सालचा आहे. न्यायव्यवस्थेची इतकी सविस्तर तपासणी त्यापूर्वी झाली नव्हती. त्या अहवालाची एक शिफारस अशी होती की उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने निवृत्तीनंतर सरकारी पद स्वीकारू नये, कारण ज्या न्यायालयापुढे सरकार रोज पक्षकार म्हणून उभे राहते त्या न्यायालयातील न्यायाधीशाने त्याच सरकारकडून पुढच्या पदाची अपेक्षा ठेवणे योग्य नाही. आणि त्याच वर्षी आयोगाचे एक सदस्य मुख्य न्यायाधीशपद सोडून राजदूत होण्यास निघाले. सेटलवाडांनी आपल्या आत्मचरित्रात याविषयीची नाराजी स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. सेटलवाड आणि छागला एकाच बारमधले, म्हणजे मुंबईच्या एकाच वकीलवर्गातले, एकाच संस्कारातले, त्यामुळे ती नाराजी परक्याची नव्हती. तसेच स्वतः सेटलवाड १९३७ पासून मुंबईचे ॲडव्होकेट जनरल होते आणि १९४२ च्या आंदोलनाच्या वेळी त्यांनी ते पद सोडले होते. सरकारी पद कधी सोडावे यावर बोलण्याचा अधिकार त्यांनी कमावलेला होता.

आपण घटना उघडून पाहिली तर गंमत वाटेल. मूळ अनुच्छेद २२० प्रमाणे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला निवृत्तीनंतर देशातल्या कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नव्हती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ती मनाई सैल केली आणि सर्वोच्च न्यायालयात व इतर उच्च न्यायालयांत उभे राहण्याची मुभा दिली. म्हणजे आपण ज्या परतीच्या वाटेचे कौतुक करता ती छागलांना १९५० च्या मूळ घटनेने दिलेलीच नव्हती. ती त्यांनी न्यायासन सोडण्याच्या दोन वर्षे आधी उघडली होती. दुसरीकडे, नियंत्रक व महालेखापरीक्षकाला पद सोडल्यावर सरकारी नोकरी घेता येणार नाही असे घटनेने स्वच्छ लिहिले आहे, पण न्यायाधीशांविषयी तसे एक अक्षरही नाही. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फजल अली ओडिशाचे राज्यपाल झाले तेव्हाही ही पोकळी दिसली होती. ती आजतागायत भरलेली नाही.

मृण्मयी

एक साधी शंका आहे. त्या काळी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश साठाव्या वर्षी निवृत्त होत असत, बासष्ट हे वय १९६३ च्या घटनादुरुस्तीने आले. म्हणजे छागलांना १९६० पर्यंत राहता आले असते. दोन वर्षे आधी निघण्याचे कारण पगार असू शकेल काय? घटनेच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाला महिना ४,००० रुपये आणि इतर न्यायाधीशांना ३,५०० रुपये मिळत. चांगल्या चालणाऱ्या बॅरिस्टरच्या तुलनेत ती रक्कम मोठी नव्हती.

निवृत्त शिरस्तेदार

मृण्मयी, पगारासाठी कोणी राजदूत होत नाही. राजदूताचा खर्च सरकार करते एवढेच. ज्याला पैसा हवा असतो तो न्यायासन सोडून थेट सर्वोच्च न्यायालयात उभा राहतो. मला वाटते, सतरा वर्षे एकाच मंचावर बसून दुसऱ्यांचे युक्तिवाद ऐकल्यानंतर त्यांना स्वतः काही करावेसे वाटले असावे. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

नीरक्षीर यांचा आक्षेप मात्र मी मान्य करतो, आणि तो आणखी जड करणारी गोष्ट मीच सांगतो. ज्या वर्षी छागलांना अमेरिकेत पाठवण्याचे ठरले त्याच वर्षाच्या प्रारंभी त्यांनी मुंध्रा प्रकरणाची चौकशी केली होती. नव्या सदस्यांसाठी थोडक्यात सांगतो. आयुर्विमा महामंडळाची स्थापना १९५६ सालची. दुसऱ्याच वर्षी महामंडळाने हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले, आणि त्या कंपन्यांची अवस्था गुंतवणूक करण्यासारखी नव्हती. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधानांच्या जावयांनी, लोकसभेत हा प्रश्न उभा केला. जानेवारी १९५८ मध्ये छागलांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारीत त्याचा अहवाल आलासुद्धा. आज चौकशी आयोगांना मुदतवाढीवर मुदतवाढ मिळते हे पाहणाऱ्यांनी या दोन महिन्यांची नावे पुन्हा वाचावीत.

सुनावणी मुंबईत झाली आणि ती खुली होती. गर्दी इतकी लोटली की बाहेरच्यांना ऐकू जावे म्हणून ध्वनिवर्धक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे म्हणणे असे होते की व्यवहार सचिवांच्या पातळीवर झाला. छागलांनी ते स्वीकारले नाही. सचिवाने जे केले त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कृष्णम्माचारींना पद सोडावे लागले. नेहरूंना हे आवडले असेल असे मानण्याचे कारण नाही. आणि तरीही त्याच नेहरूंनी त्याच वर्षी छागलांना वॉशिंग्टनला पाठवले.

या घटनेचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. सरकारला झोंबणारा अहवाल दिलेल्या माणसाला सरकारने मोठे पद दिले, म्हणजे पदाच्या आशेने अहवाल मवाळ झाला नव्हता हे तर सिद्धच होते. पण नीरक्षीर म्हणतील की एका न्यायाधीशाच्या बाबतीत असे झाले म्हणून नियम करण्याची गरज संपत नाही. ते म्हणणेही बरोबर आहे.

नीरक्षीर

मी तेच म्हणणार होतो, आपण माझे श्रम वाचवलेत. नियम करायचा तो छागलांसारख्यांसाठी नसतो. त्यांच्या उदाहरणाचा आधार घेऊन पुढे कोण कोण आले ते पाहिले की नियमाची गरज कळते.

तालुका बार

मी उच्च न्यायालयात कधी उभा राहिलेलो नाही. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या न्यायालयात पस्तीस वर्षे दिवाणी काम करतो, त्यामुळे मुंबईच्या मोठ्या माणसांविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु शिरस्तेदारसाहेबांच्या 'परतीच्या वाटे'विषयी अनुभवाने काही सांगतो.

ही वाट नामवंत बॅरिस्टरला असते, तालुक्याच्या वकिलाला ती बेताचीच असते. यशवंतराव चव्हाणांचेच पाहा. त्यांनी १९४१ साली कायद्याची पदवी घेतली आणि कऱ्हाडला वकिली सुरू केली. पुढे १९४२ चे आंदोलन, भूमिगत काम, तुरुंग आणि १९४६ साली संसदीय सचिवपद. प्रत्यक्ष वकिलीची वर्षे किती उरली हे आपणच मोजा. त्यांना परत यायचे असते तर त्या कऱ्हाडच्या न्यायालयात त्यांचे पक्षकार उरले असते का? त्यांचे बळ सनदेत नव्हते, ते कार्यकर्त्यांत आणि लोकांत होते. म्हणून वकील राजकारणात गेला म्हणजे स्वतंत्र राहिला, असे सरसकट म्हणता येत नाही.

आता माझे सांगतो. काही वर्षांपूर्वी मला सहायक सरकारी वकील म्हणून नेमले होते. ही नेमणूक पॅनेलवर होते आणि सरकार बदलले की पॅनेल बदलते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. नेमणूक झाल्यावर खाजगी पक्षकार हळूहळू कमी होतात. सरकारविरुद्धचे काम घेता येत नाही हे उघड आहे, पण इतर कामेही जातात, कारण "वकीलसाहेब आता सरकारी झाले" असा समज पसरतो. बार रूममध्ये बसण्याची जागाही नकळत बदलते. पुढे सरकार बदलले आणि एका पत्राने माझी नेमणूक संपली. त्यानंतर माझ्या टेबलावर पूर्वीइतक्या फायली जमण्यास तीन वर्षे लागली. ज्युनिअर सोडून गेला होता. या तीन वर्षांत मला पदाविषयी जे कळले ते पद असताना कळले नव्हते.

आमदार किंवा खासदार झालेल्या वकिलाला वकिली करता येते, कारण तो बार कौन्सिलच्या नियमातील पूर्णवेळ पगारी नोकर नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. ते कायद्याने ठीक आहे. पण जिल्हा न्यायालयात आमदार वकीलपत्र दाखल करून उभा राहतो तेव्हा समोरच्या पक्षकाराला काय वाटते, हे कोणी निकालपत्रात लिहीत नाही.

वर्गशिक्षिका

मी शिक्षक असल्यामुळे छागलांच्या शिक्षणमंत्रिपदाविषयी लिहिते. या धाग्यात न्यायासनाविषयी पुष्कळ आले, परंतु त्यांचा खरा सरकारी कारभार दिसतो तो १९६३ ते १९६६ या तीन वर्षांत.

शिक्षणविषयक कोठारी आयोग नेमला गेला जुलै १९६४ मध्ये आणि त्याचा अहवाल आला जून १९६६ मध्ये. दोन्ही वेळा शिक्षणमंत्री छागलाच होते. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे, आणि अहवालाचा बराचसा भार त्यांनीच उचलला. आमच्या पिढीतील शिक्षकांना दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध, कार्यानुभव, परिसर शाळा हे शब्द त्या अहवालातून मिळाले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे विधेयकही छागलांनीच १९६५ साली राज्यसभेत मांडले. त्याच वर्षी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात कुलगुरू अली यावर जंग यांच्यावर हल्ला झाला आणि छागलांनी अध्यादेश काढून विद्यापीठाच्या कारभाराचा ढाचा बदलला. त्यावरून त्यांच्यावर मुस्लिम समाजातूनच कडाडून टीका झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६७ साली अझीझ बाशा खटल्यात सरकारची बाजू टिकली. त्या निकालाचा पाया सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली काढून घेतला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असेल.

मला यात वकील दिसतो. शिक्षण हा विषय त्या वेळी राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीत, होता. केंद्रीय शिक्षणमंत्र्याच्या हातात काय आहे आणि काय नाही, याची जाण छागलांना इतर कोणत्याही शिक्षणमंत्र्यापेक्षा जास्त असणार. निदान उच्च शिक्षण तरी समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्ये दोघांच्या अखत्यारीत, आणावे असा त्यांचा आग्रह होता आणि राज्यांनी त्याला दाद दिली नाही. शेवटी शिक्षण समवर्ती सूचीत आले ते १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे आणीबाणीत, जिच्याविरुद्ध छागला त्या वेळी उघडपणे बोलत होते. आपल्याला हवी ती गोष्ट आपल्याला अमान्य असलेल्या हातांनी व्हावी, यावर त्यांनी काय म्हटले असते ते ऐकायला मला आवडले असते.

भाषेच्या राजीनाम्याविषयी मात्र मी त्यांच्या बाजूची नाही. मराठीतून पदव्युत्तर शिकवण्याची तयारी व्हायला हवी होती आणि "घाई नको" हे वाक्य ऐकत ऐकत आपण पन्नास वर्षे काढली. त्यांचा राजीनामा प्रामाणिक होता, याने त्यांची भूमिका बरोबर ठरत नाही.

नीरक्षीर

वर्गशिक्षिकाताईंनी बेचाळिसाव्या दुरुस्तीचा उल्लेख केला म्हणून शिरस्तेदारांच्या सिद्धांताची खरी परीक्षा घेतो. ते विधेयक लोकसभेत मांडणारे कायदेमंत्री होते हरी रामचंद्र गोखले. तेही मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. त्यांनीही न्यायासन मुदतीपूर्वी सोडले आणि ते पुन्हा वकिलीत गेले, तेथे त्यांचा चांगला जम बसला. १९७१ साली ते कायदेमंत्री झाले. म्हणजे 'परतीची वाट' त्यांच्याजवळ छागलांइतकीच होती, किंबहुना अधिक ताजी होती. जून १९७५ मध्ये तिचा उपयोग त्यांनी केला नाही. नागरिकाला स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, ही भूमिका सरकारने त्यांच्याच कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयात मांडली.

मग प्रश्न असा उरतो की वाट असणे आणि त्या वाटेने निघणे यांच्यामधले अंतर कशाने भरते? सनदेने तर नाहीच.

निवृत्त शिरस्तेदार

नीरक्षीर, येथे माझा सिद्धांत मोडतो हे मी कबूल करतो. परतीची वाट असल्याखेरीज राजीनामा कठीण होतो एवढेच माझ्या म्हणण्यात टिकते. ती असली की राजीनामा येतोच, असे टिकत नाही.

पण गोखल्यांच्या उदाहरणाशेजारी त्याच काळातील दोन प्रसंग ठेवतो. ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादला नागरी स्वातंत्र्याची परिषद झाली. तेथे छागला बोलले, सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा बोलले आणि वि. म. तारकुंडे बोलले. तारकुंडे हे सासवडचे. छागला मुख्य न्यायाधीश असताना, १९५७ साली, ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले होते आणि पुढे तेही पद सोडून सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले होते. या भाषणांचा वृत्तांत छापला म्हणून गुजरातीतील 'भूमिपुत्र' नियतकालिकावर सेन्सॉरची कारवाई झाली आणि प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले.

त्याच महिन्यात मुंबईच्या वकिलांनी नागरी स्वातंत्र्यावर एक खाजगी सभा योजली होती. बोलणाऱ्यांत छागला आणि शहा होते. जागा होती जिना हॉल. ज्यांच्या चेंबरमध्ये छागला वकिली शिकले आणि ज्यांच्याशी १९२८ मध्ये त्यांचे बिनसले, त्यांच्याच नावाच्या सभागृहात पंचाहत्तर वर्षांचे छागला बोलणार होते. पोलिसांनी परवानगी नाकारली. वकील उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती कांटावाला आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी, आणीबाणी चालू असताना, वकिलांच्या बाजूने निकाल दिला. छागला ज्या न्यायालयात अकरा वर्षे मुख्य न्यायाधीश होते तेथेच हे झाले. न्यायाधीशाने सरकारी पद घेतल्याचा डाग असेल तर तो याने पुसला जातो असे मी म्हणत नाही. मात्र कारकिर्दीचा ताळेबंद करताना ही बाजूही लिहावी लागेल.

मृण्मयी

छागलांच्या न्यायदानाविषयी येथे कोणीच फारसे लिहिले नाही, म्हणून एक भर घालते. १९५१ सालचा नरसू अप्पा माळी खटला विसरू नये. मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्ये केला होता आणि फक्त हिंदूंनाच हा नियम का, असे आव्हान दिले गेले होते. छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. व्यक्तिगत कायदे हे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासण्याच्या 'कायद्या'त मोडत नाहीत, असेही त्यांनी म्हटले. आज समान नागरी कायद्याच्या प्रत्येक वादात तो निकाल उद्धृत होतो. स्वतः छागला उत्तरायुष्यात समान नागरी कायद्याचे कट्टर पुरस्कर्ते होते, पण न्यायासनावर असताना ते काम त्यांनी विधिमंडळाकडे ठेवले. माझ्या मते हा फरक त्यांना नीट कळत होता, आणि म्हणूनच ते दोन्हीकडे काम करू शकले.

निवृत्त शिरस्तेदार

मृण्मयी, धन्यवाद. या निकालावर वेगळा धागा काढावा, येथे तो मावणार नाही.

तालुका बार, आपल्या प्रतिसादावर मी उत्तर द्यायचे राहिले. नेमणूक संपल्यानंतर फायली जमण्यास तीन वर्षे लागली असे आपण लिहिले. पहिली फाइल कोणाची आली, हे सांगण्यासारखे असेल तर सांगावे.

तालुका बार

सांगण्यासारखे आहे. सरकारी वकील असताना भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांत मी सरकारतर्फे उभा राहत असे. त्यातील एका शेतकऱ्याच्या प्रकरणात विहिरीचे मूल्यांकन करताना बांधकामाची एक बाजू मोजायचीच राहून गेली होती. उलटतपासणीत ते बाहेर आले आणि मी न्यायालयापुढे ती चूक मान्य केली. संबंधित कार्यालयाला मला त्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला. नेमणूक संपल्यानंतर दुसऱ्या महिन्यात तोच शेतकरी भावाविरुद्धच्या वाटपाच्या दाव्याचे कागद घेऊन माझ्या ओसरीवर आला. वकीलपत्रावर सही करताना त्याने विहिरीचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. दाव्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला, भाऊ अपिलात गेला आहे आणि पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.